बेळगावात अमोनाईट का सापडत नाही (पण देवघरात बसलाय त्याचं काय?)

दरवर्षी पावसाळा संपला की मला व्हॉट्सअपवर दगडांचे फोटो यायला सुरू होतात. कोण येळ्ळूरच्या शेतात नांगरताना मिळाला म्हणून पाठवतंय, कोण खानापूरकडच्या नाल्यातला, आणि प्रश्न एकच, "बघ की जरा, ह्यो फॉसिल हाय काय?" (फॉसिल म्हणजे दगडात टिकून राहिलेला जुना जीव.) नव्वद टक्के वेळा तो गोल गरगरीत दगड असतो, वरनं कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले, आणि अर्धा फुटला की आत वर्तुळात वर्तुळ दिसतं, म्हणजे एकदम गोगलगायीच्या शंखासारखंच वाटतं. नाही हो. तो आपला काळा दगड, बसाल्ट. त्याला भेगा पडतात, भेगांतून पाणी मुरतं, चौकोनी तुकड्याचे कोपरे सगळ्या बाजूंनी पाणी लागतं म्हणून आधी कुजतात आणि मधला गाभा गोल होत जातो, पापुद्रे सुटत राहतात. जीव कधीच नव्हता त्यात. दुसरा फसवणारा प्रकार म्हणजे दगडाच्या भेगेत नेच्यासारखी काळी नक्षी, ती बघून तर भलेभले शपथेवर सांगतात की पान आहे, पण ते मँगनीजचे डाग असतात, पाण्यातून आलेले आणि भेगेत पसरलेले.

तर ज्यांना ज्यांना मी "नाही" म्हणालोय आणि ते नाराज झालेत त्या सगळ्यांसाठी, आपल्याकडे अमोनाईट का मिळत नाही ते एकदाच नीट लिहितो, कारण प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसलाय.

अमोनाईट म्हणजे काय ते आधी. दिसायला शंख, चकलीसारखा गुंडाळलेला, पण आत राहणारा प्राणी गोगलगाय नव्हे. तो नातेवाईक माकुळ आणि ऑक्टोपसचा. डोळे, तोंडाभोवती हात, पोपटासारखी चोच, पाणी जोरात बाहेर फेकून मागे मागे पळणं, हे सगळं त्या खानदानाचं. फरक एवढाच की यानं अंगावर घर बाळगलेलं. आणि घर बांधायची पद्धत भारी होती. आपल्याकडे जुन्या वाड्यात कसं, कुटुंब वाढलं की पुढे एक खोली काढायची आणि मागची खोली अडगळीला, तसंच. प्राणी वाढला की पुढे सरकायचा, शंखाचं तोंड रुंद करायचा आणि मागे पडदीची भिंत घालायचा. राहायचा फक्त सगळ्यात पुढच्या खोलीत. मागच्या सगळ्या खोल्या रिकाम्या, पण वाया नाही हां, त्यांच्यातून एक बारीक नळी जायची, ती त्या खोल्यांतलं पाणी हळूहळू शोषून घ्यायची आणि जागी गॅस भरायचा. म्हणजे जड शंख घेऊन पण प्राणी पाण्यात बुडायचा नाही, तरंगायचा. पाणबुडीचं तंत्र, पण माणसाच्या कितीतरी आधी.

ही नळी कुठून जाते ते बघायचं, कारण अजून जिवंत असलेला नॉटिलस पण असाच दिसतो आणि लोक दोघांची सरमिसळ करतात. नॉटिलसची नळी भिंतींच्या साधारण मधून जाते, अमोनाईटची शंखाच्या बाहेरच्या कडेला चिकटून. आणि दुसरी खूण त्याहून सोपी. नॉटिलसच्या भिंती साध्या वाटीसारख्या वळलेल्या, त्यामुळे भिंत शंखाला जिथे चिकटते ती रेघ पण साधी. अमोनाईटच्या भिंतींच्या कडा चुण्या घातलेल्या, साडीच्या निऱ्या कशा, आणि शंख झिजून निघाला की दगडावर त्या रेघा कोथिंबिरीच्या पानासारख्या दिसतात. जुन्या जातींत ती रेघ नुसती नागमोडी, नंतरच्यांत दात्यांवर दाते. या रेघेवरनं पण तज्ज्ञ लोक जाती ओळखतात. मला स्वतःला एवढं जमत नाही, मी कुळापर्यंत कसाबसा पोचतो आणि पुढे प्रश्नचिन्ह घालतो.

नावाचं पण सांगून टाकतो. इजिप्तच्या आमोन देवाला मेंढ्याची शिंगं, आणि हा दगड त्या शिंगासारखा, म्हणून आमोनची शिंगं, त्यातनं अमोनाईट. इंग्लंडात व्हिटबीला लोक म्हणायचे की हे साप, संत हिल्डानं दगड केलेले, आणि सापाला डोकं नाही हे विकताना अडचणीचं होतंय म्हणून विकणारे चक्क कोरून डोकं लावायचे. म्हणजे दगडात देव आणि साप फक्त आपणच बघतो असं काही नाही.

आता काळ. कोटी कोटी वर्षं म्हटलं की डोक्यात काही शिरत नाही, माझ्या पण नाही, म्हणून मी भाच्याला हायवेवर बसवून समजावलं. समजा एक किलोमीटर म्हणजे दहा लाख वर्षं. आज म्हणजे बेळगावचं चन्नम्मा सर्कल. तिथनं पुण्याच्या दिशेनं मागं मागं जायचं. आपली माणसाची जात साधारण ३ लाख वर्षांची, म्हणजे ३०० मीटर, सर्कलवरनं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पडेपर्यंत माणूस संपला. हत्तरगी गेलं, संकेश्वर गेलं, अजून अमोनाईट नाही. ६६ किलोमीटरला, म्हणजे निपाणीच्या अलीकडं तवंदी घाट लागतो तिथं, शेवटचा अमोनाईट. आणि मग तिथनं पुढं कोल्हापूर, कराड, सातारा, पुणं, सगळा रस्ताभर अमोनाईटच अमोनाईट, पार लोणावळ्यापर्यंत, कारण ते समुद्रात आले साधारण ४१ कोटी वर्षांपूर्वी. डायनासोर यायच्या खूप आधी आले आणि गेले मात्र त्यांच्याच बरोबर. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे आपण टोलनाक्यापर्यंत पण नाही की!" नाही रे बाबा.

आता मूळ प्रश्न. बेळगावात का नाही?

कारण फॉसिल सापडायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात, त्या काळात त्या जागी समुद्र पाहिजे आणि त्या समुद्राचा गाळ आज वर उघडा पाहिजे. आपल्याकडे दोन्हीची बोंब. शहराखाली आणि पश्चिमेला, उत्तरेला जो काळा दगड आहे तो लाव्हा, दख्खनचा. तापलेल्या रसात कसला शंख टिकणार. त्याच्यावर जी तांबडी जांभ्याची टोपी आहे, ज्याचे चिरे आपण घराला वापरतो आणि ज्यात ॲल्युमिनियमचं बॉक्साईट मिळतं, तो तर त्याच काळ्या दगडाचा पावसानं लाखो वर्षं धुवून राहिलेला चोथा. आणि गोकाककडे गेलात तर तिथला दगड वेगळा, वाळूचा, गुलाबी पिवळट. घटप्रभा ५२ मीटरवरनं उडी मारते तो कडा त्याचाच. तो दगड खरंच पाण्याखाली साचलेला आहे, काही ठिकाणी लाटांच्या वळ्या तशाच्या तशा दगडात उमटलेल्या दिसतात, हात फिरवला की जाणवतं. मग तिथं अमोनाईट का नाही? तर तो फार जुना आहे. आपल्या हायवेच्या हिशोबात तो लोणावळ्याला नाही, मुंबई सोडून अहमदाबादच्या आसपास किंवा त्याच्या पण पलीकडे कुठेतरी. तेव्हा शंखवाला प्राणी सोडा, डोळ्यांना दिसेल असा प्राणीच पृथ्वीवर आलेला नव्हता. त्याच कुटुंबातल्या बागलकोटकडच्या चुनखडीत सूक्ष्म जिवांच्या थरांनी तयार झालेले घुमट सापडतात, कापलेल्या कोबीसारखे, ते तिथलं जीवाश्म. म्हणजे एक दगड अमोनाईटच्या फार आधीचा आणि दुसरा बरोबर त्यांच्या शेवटाला आलेला. मधलं अख्खं पान आपल्या जिल्ह्यातनं फाटलंय.

पण तो दुसरा दगड जरा थांबून बघा. आपला काळा दगड वाहिला तो ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे. अमोनाईट संपले ते पण तेव्हाच. त्याच सुमाराला मेक्सिकोत चिक्शुलूबला आकाशातनं दहा किलोमीटरच्या आसपासचा धोंडा आपटला आणि आपल्याकडे जमीन फाटून लाव्हा ओतत होता. आज उरलेला लाव्हाच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, तेव्हा त्याहून जास्त असणार. दोघांत मुख्य गुन्हेगार कोण यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून चालू आहे, धोंड्याचं पारडं जड आहे. पण समुद्रात काय झालं ते बऱ्यापैकी कळलंय. धुरळ्यानं उजेड गेला, वरच्या पाण्यातलं सूक्ष्म अन्न संपलं, पाणी आंबट झालं. अमोनाईटची पिल्लं अंड्यातनं निघायची ती जेमतेम एक मिलिमीटरची, आणि वरच्या पाण्यातच तरंगत तेच सूक्ष्म अन्न खायची. उपाशी मेली. नॉटिलसची अंडी मोठी, त्यांची पिल्लं निघतानाच चांगली दोन अडीच सेंटिमीटरची, खोल पाण्यात राहून मेलेलं काहीबाही खाऊन निभावणारी. तो वाचला. ३४ कोटी वर्षं राज्य केलेल्यांचा हिशोब अंड्याच्या साईजवर मिटला, मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती. तेव्हा तुमच्या अंगणातला पाटा, वरवंटा, देवळाची पायरी, त्यात अमोनाईट नाही हे खरं, पण तो दगड त्या मयताला हजर होता एवढं नक्की.

आणि आपला जिल्हा फॉसिलच्या बाबतीत अगदीच भिकारी आहे असं पण नव्हे हां. रॉबर्ट ब्रूस फूट म्हणून ब्रिटिश भूगर्भवाला होता, ज्यानं पल्लावरमला १८६३ साली दगडी हत्यार शोधून भारताचा अश्मयुगाचा अभ्यास सुरू केला, तो आपल्या भागात घोड्यावरनं फिरला आणि १८७६ साली दक्षिण मराठा मुलखाच्या दगडमातीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याला गोकाकजवळच्या गाळात काय मिळालं माहितेय? गेंड्याची हाडं. १८७४ साली त्यानं त्याला ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस असं नाव दिलं. घटप्रभेच्या काठी गेंडा! म्हणून उद्या कुणाला त्या बाजूला नदीच्या जुन्या गाळात जड, दगड झालेलं हाड दिसलं तर फोटो जरूर पाठवा, त्याला मी लगेच नाही म्हणणार नाही.

आता देवघर. आमच्या आज्जीच्या देवघरात तांब्याच्या वाटीत एक काळा कुळकुळीत शाळीग्राम आहे, पणजोबांनी कधीतरी काशीयात्रेवरनं आणलेला. तुळशीच्या लग्नाला तो नवरदेव. वृंदेनं विष्णूला दगड होशील म्हणून शाप दिला ती गोष्ट आज्जी दरवर्षी सांगायची, आणि आतली चक्रं वज्रकीटक नावाचा किडा दातांनी कोरतो असं पण सांगायची. तो शाळीग्राम एका बाजूला फुटका आहे आणि आत बरोबर चकली. फासळ्या फासळ्यांची. तो अमोनाईट आहे.

शाळीग्राम येतात ते नेपाळच्या काळी गंडकीतनं, मुस्तांग भागात मुक्तिनाथच्या आसपास. वय साधारण १५ कोटी, म्हणजे आपल्या हायवेवर कोल्हापूर सोडून पेठ नाक्याच्या आसपास. तेव्हा भारत आणि आशियाच्या मधे टेथिस समुद्र होता, त्याच्या तळाला काळा चिखल, आणि चिखलात ऑक्सिजन जवळपास नाहीच. मेलेला प्राणी खाली पडला की तो सडताना आजूबाजूच्या पाण्याचं रसायन बदलायचं आणि शंखाभोवती खनिज साकळायला लागायचं, साखरेच्या पाकात वेलदोडा टाकल्यावर त्याच्याभोवती गोळी धरते तसं काहीसं. बाकीचा चिखल नंतर दाबून चपटा झाला पण ही गोळी कडक म्हणून आतली चकली चेपली नाही. मग भारत जाऊन आशियाला धडकला, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी, समुद्राचा तळ उचलला आणि हिमालय झाला. आता नदी त्या मऊ काळ्या दगडाला खाते, कडक गोळ्या सुट्या होतात, गडगडत घासून गुळगुळीत होतात आणि यात्रेकरूच्या हाती लागतात. साडेतीन हजार मीटरवर समुद्रातला प्राणी. किडा कोरतो ही गोष्ट चुकीची, पण आत एकेकाळी जीव होता हे आज्जीला माहीत होतं आणि मला इंजिनिअरिंग करून पण चाळिशीपर्यंत नव्हतं.

(शाळीग्राम फोडून बघू नका. मला दोघांनी विचारलंय म्हणून लिहितोय. आणि सगळ्यात चक्र असतंच असं पण नाही, कितीतरी गोळे नुसतेच गोळे असतात.)

मग आपल्याला स्वतःला शोधायचा असेल तर कुठं? भारतात मुख्य जागा म्हणजे कच्छ, जैसलमेर, हिमालयातलं स्पिती, मध्य प्रदेशात नर्मदा खोऱ्यातलं बाघ, आणि आपल्याला रेल्वेनं त्यातल्या त्यात सोयीचं तामिळनाडूतलं अरियलूर, पेरंबलूर. कच्छचे अमोनाईट एकोणिसाव्या शतकातच वागेन नावाच्या माणसानं मोठमोठ्या ग्रंथांत चितारून ठेवलेत, आणि अरियलूरच्या शंखशिंपल्यांवर स्टोलिझ्का म्हणून चेक माणसानं एवढं काम केलं की अजून तेच उघडून बघतात. तो १८७४ ला लडाखच्या डोंगरात वारला, फक्त छत्तीस वर्षांचा.

एवढा खटाटोप कशाला, नुसते शंखच तर, असं कोणालाही वाटेल. पण अमोनाईट हे दगडाचं कॅलेंडर आहे. त्यांच्या जाती भरभर बदलायच्या आणि समुद्रात लांबलांब पसरायच्या, त्यामुळे कच्छमधल्या थरात आणि युरोपातल्या थरात एकसारखी जात मिळाली की दोन्ही थर एकाच काळाचे. ओपेल नावाच्या जर्मन माणसानं १८५० च्या दशकात असंच जुरासिक काळाचे बारीक बारीक तुकडे पाडून दाखवले. जुन्या नाण्यावर राजाचं नाव बघून काळ सांगतात की नाही, तसंच.

अरियलूरला मी गेलो ते सिमेंटमध्ये नोकरीला असलेल्या एका दोस्तामुळे. सिमेंटला चुनखडी लागते आणि ती चुनखडी म्हणजे त्या समुद्राचाच गाळ, म्हणून तिथं खाणीच खाणी. जवळ कारै गावाला ओसाड मातीच्या घळी आहेत, झाड नाही, ऊन असं की डोकं फिरतंय, आणि जमिनीवर जिप्समचे तुकडे काचेसारखे चमकतात. वय साधारण १० कोटी, म्हणजे कागल आणि कोल्हापूरच्या मधे. पहिले दोन तास मला काहीच दिसलं नाही. दोस्त म्हणाला, अमोनाईट शोधू नको, रेघा शोध, सारख्या अंतरावरच्या रेघा निसर्गात उगाच नसतात. आणि खरंच, पाच मिनिटांत पायाखाली फासळ्यांचा तुकडा, बोटभर. पूर्ण चकली क्वचितच मिळते, तुकडेच जास्त.

शोधायची रीत पण तीच. हातोडा शेवटी. पाऊस पडून गेल्यावर घळीत, नाल्यात सुटं होऊन पडलेलं आधी बघायचं, कारण निसर्गानं फोडायचं काम करून ठेवलेलं असतं. सकाळी किंवा संध्याकाळी जायचं, तिरप्या उन्हात फासळ्यांची सावली पडते आणि दुपारी सगळं सपाट दिसतं. गोळा फोडायचा झाला तर डोळ्याला गॉगल पाहिजेच, चिपरी उडते. खाणीत परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, शेत असलं तर मालकाला विचारायचं, आणि जिथे संरक्षित जागा म्हणून पाटी आहे तिथनं खडा पण उचलायचा नाही. फॉसिल आणि अशा जागा जपायला वेगळा कायदा करायचा मसुदा खाण मंत्रालयानं २०२२ ला काढला होता, तेव्हा जायच्या आधी त्या वेळचा नियम काय ते विचारून घ्या. काही वेगळं, पूर्ण, मोठं दिसलं तर उपसू नका, फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्रवाल्यांना कळवा.

आणि लेबल! मी पहिल्या ट्रिपला सगळे तुकडे एकाच पिशवीत कोंबले, तीन जागचे, आणि घरी आल्यावर कुठला कुठला काही कळेना. जागा आणि थर माहीत नसलेला अमोनाईट म्हणजे शोभेचा दगड, दुसरं काही नाही. आता प्रत्येकाला वेगळा कागद, वेगळी पिशवी, तारीख, मोबाईलवरनं जागेचे आकडे, कुठल्या रंगाच्या मातीत होता ते, सगळं तिथल्या तिथं उन्हात उभं राहून लिहायचं. कंटाळा येतो पण लिहायचं.

धुवायला साधं पाणी आणि जुना टूथब्रश. व्हिनेगर, लिंबू, ॲसिड यातलं काही लावायचं नाही, शंख पण चुन्याचा आणि दगड पण चुन्याचा, दोन्ही एकत्रच विरघळतात.

विकत घेताना जपून. मी ऑनलाईन एक मोरोक्कोचा म्हणून घेतला, चमचमीत, आणि घरी भिजवला तर मधली चक्री वेगळ्या रंगाची निघाली, सिमेंटसारख्या कशात तरी कोरलेली, बाहेरचा अर्धा तेवढा खरा. अमोनाईटच्या चक्रीत फासळ्या आतून बाहेर हळूहळू मोठ्या होत जातात, सगळ्या एकाच मापाच्या दिसल्या की समजायचं कोणीतरी बसून कोरलंय. बाजारात दोन भाग कापून पॉलिश केलेले, आतल्या खोल्यांत स्फटिक चमकणारे मिळतात ते बहुतेक मादागास्करचे, ते सहसा खरे असतात आणि खोल्या समजावून सांगायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. भाच्याला तोच दिलाय.

शेवटचं म्हणजे आपला पाऊस. काही अमोनाईट सोनेरी असतात, शंखाच्या जागी पायराईट भरलेलं, लोखंड आणि गंधकाचं खनिज. युरोपातले बारके सोनेरी असतात ते हेच. याला दमट हवा लागली की हवेतला ऑक्सिजन आणि पाणी मिळून गंधकाचं ॲसिड तयार होतं, वर पिवळट पांढरी भुकटी येते, आंबूस वास येतो आणि एक दिवस नग आपोआप फुटून पडतो. आता बेळगावचा जुलै म्हणजे काय ते मी सांगायला नको, जिथे चपलेला बुरशी येते आणि पापड आठवड्यात मऊ पडतो तिथं पायराईटचा काय निभाव लागणार. माझे दोन असेच गेले, लेबलाचा कागद सुद्धा ॲसिडनं खाल्ला. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, निळ्या रंगाच्या मिळतात, ओल धरली की गुलाबी होतात, मग तव्यावर मंद भाजून परत निळ्या करायच्या, पण तो तवा वेगळा ठेवायचा आणि स्वयंपाकाला वापरायचा नाही. या वर्षी मृग लागायच्या आधी भाजायला पाहिजेत, गेल्या वर्षी विसरलो होतो.

आज्जीच्या शाळीग्रामाला यातलं काही लागत नाही. तो रोज पाण्यात बुडतो, वर गंध, वर तुळशीचं पान, आणि चार पिढ्यांत त्याची एक फासळी पण झिजलेली दिसत नाही.